‘रूळ ओलांडताना’ की ‘गाडीतून पडून’?

वाचकांचे प्रश्न : रुळांवरचे मृत्यू आणि त्यांच्या बातम्या

प्रश्न : आमच्या चाळीतला एक मुलगा कामावरून परत येताना गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या : ‘रूळ ओलांडताना लोकलची धडक बसून तरुणाचा मृत्यू.’ घरचे म्हणतात, तो दारातून पडला. गेलेला माणूस काही परत येणार नाही, मग एका शब्दावरून एवढं भांडायचं कशाला?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भांडायचं, कारण त्या शब्दावर आठ लाख रुपये अडकलेले आहेत.

प्रवासी गाडीतून चुकून पडला तर रेल्वे कायदा, १९८९ त्याला ‘अनुचित घटना’ म्हणतो. व्याख्या कलम १२३ (क) मध्ये आहे आणि भरपाई कलम १२४-अ मध्ये. या कलमाखाली रेल्वेची चूक होती का, हे सिद्ध करावं लागत नाही. भरपाई नाकारायची कारणं मोजकीच आहेत : आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेडाच्या भरातलं कृत्य आणि आजारपणानं आलेला मृत्यू. दारात उभं राहणं या यादीत नाही. तो निष्काळजीपणा असेल, पण गुन्हेगारी कृत्य नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं. २०१८ च्या रीना देवी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. मृताची स्वतःचीही थोडी चूक होती, या कारणावरून भरपाई कापता येत नाही, आणि मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असंही म्हणता येत नाही. मृत्यूच्या भरपाईची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख आहे, त्याआधी ती चार लाख होती.

‘रूळ ओलांडताना’ म्हटलं की हे सगळं संपतं. रूळ ओलांडणारा या कलमाच्या दृष्टीनं प्रवासी नसतो. तो कलम १४७ चा घुसखोर ठरतो.

आता हा शब्द येतो कुठून ते बघा. मोटरमन, ट्रेन मॅनेजर (म्हणजे पूर्वीचे गार्ड) किंवा रुळांवर फिरणारा ट्रॅकमन स्टेशन मास्तरला कळवतो. मास्तर मेमो लिहून लोहमार्ग पोलिसांकडे पाठवतो. हमाल स्ट्रेचर घेऊन निघतात. पोलीस अपमृत्यूची नोंद करतात आणि रात्री वार्ताहराचा फोन आला की त्या नोंदीतली ओळ वाचून दाखवतात. कोणी पाहिलेलं नसेल तर मेमोतला शब्द हा अंदाज असतो, आणि ‘रूळ ओलांडताना’ हा सर्वांत हाताशी असलेला अंदाज. कुणाचा डाव असतोच असं नाही. पण मेमोतला अंदाज सकाळी पेपरात छापून आला की तो खरा वाटायला लागतो.

अंदाज तपासायच्या जागा आहेत. समोर माणूस आला आणि धडक बसली तर मोटरमनला ते सहसा कळतं आणि तो कळवतो. दारातून माणूस पडला तर त्याच गाडीच्या मोटरमनला पत्ताही नसतो. त्यामुळे त्या वेळी, त्या ठिकाणी धडकेची खबर एकाही मोटरमननं दिली नसेल, तर ‘धडक’ कुठून आली हा पहिला प्रश्न. दुसरं म्हणजे जागा. खाडीपुलावर किंवा दोन्ही बाजूंना उंच कुंपण असलेल्या पट्ट्यात माणूस पायी पोचेल कसा? तिसरं, तो कामावरून घरी येण्याची वेळ, गाडीची दिशा आणि सापडलेली जागा एकमेकांशी जुळतात का?

घरच्यांनी करायचं ते असं. पास किंवा मोबाइल ॲपवरच्या तिकिटाची नोंद जपून ठेवा. फोन बदलला की ती हरवते. स्टेशन मास्तरचा मेमो, अपमृत्यू नोंदीचा क्रमांक, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा. चढलेल्या स्थानकावरचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं असा अर्ज त्याच आठवड्यात द्या, कारण जुन्या चित्रणावर नवीन चढत जातं. सोबत प्रवास करणारा कुणी असेल तर त्याचा जबाब आठवण ताजी असतानाच होऊ द्या. मग रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूरला खंडपीठं आहेत. घरचे गावी राहत असतील तर राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडेही दावा लावता येतो. वर्ष उलटून गेलं असेल तर उशिराचं सबळ कारण दाखवावं लागतं.

पेपराचं कात्रण एकटं पुरावा ठरत नाही, तुमच्या बाजूनं नाही आणि विरुद्धही नाही. तरी चुकीची बातमी आली असेल तर संपादकाला लेखी दुरुस्ती मागा.

प्रश्न : व्हिडिओत गाडी लांबून येताना स्पष्ट दिसते. मोटरमन ब्रेक का मारत नाही? आणि मरणाऱ्याला एवढी मोठी गाडी दिसत कशी नाही?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मोटरमन ब्रेक मारतो. बातमीत ते येत नाही, इतकंच.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं, पकड कमी. लोकलचा वेग दर सेकंदाला साधारण पाऊण-एक मीटर प्रति सेकंद या दरानं उतरतो असं धरलं आणि हात ब्रेकवर जाऊन ब्रेक लागेपर्यंतचे दोन-तीन सेकंद मिळवले, तर गाडी थांबायला अर्धा किलोमीटर लागतो. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास असते. म्हणजे ती आपल्या लांबीच्या दुप्पट अंतर गेल्यावर थांबते. वळणावर किंवा पुलाखालून बाहेर पडताना मोटरमनला एवढं लांबचं दिसतच नाही.

चालणाऱ्याचा हिशेब आणखी वाईट आहे. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद आणि रुळांतलं अंतर १.६७६ मीटर. दोन्ही बाजूंना डबा रुळाच्या बाहेर जवळजवळ एक एक मीटर आलेला असतो. ‘मी रुळावर नव्हतो, बाजूला उभा होतो’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा या मीटरभरात उभा असतो. जुन्या मार्गांवर शेजारच्या दोन रुळांच्या मध्यांत किमान अंतर सव्वाचार मीटर धरलेलं आहे. तिथे दोन गाड्या एकमेकींना भेटल्या की मधे साठ सेंटिमीटर उरतात. पाठीवर सॅक असेल तर तेवढेही नाहीत. एक गाडी जाऊ देऊन लगेच पाऊल टाकणाऱ्याला दुसरी गाडी लागते, ती यामुळे. पहिलीच्या आवाजात दुसरीचा भोंगा बुडतो आणि पहिलीच्या डब्यांआड ती दिसतही नाही.

आता डोळ्यांचं. चारशे मीटरवरून समोर येणारी लोकल आपल्याला किती रुंद दिसते? पौर्णिमेच्या चंद्राएवढी. सात सेकंदांनी ती दोनशे मीटरवर येते, तेव्हा दोन चंद्रांएवढी. एवढ्या वेळात मेंदूला ती ‘जरा मोठी झाली’ एवढंच कळतं, आणि पुढच्या सात सेकंदांत ती अंगावर असते. गाडी आडवी जाताना दिसली तर वेग कळतो. समोरून येताना फक्त आकार वाढतो, आणि मोठी वस्तू आहे त्याहून सावकाश येतेय असं वाटतं. चार रुळांचा पट्टा खडीतून ओलांडायला वीस सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी शंभरची गाडी साडेपाचशे मीटर पुढे आलेली असते.

या गोंधळावर २०१० च्या सुमारास वडाळ्याला एक प्रयोग झाला. मध्य रेल्वेनं माणसांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या फायनल माइल या संस्थेबरोबर तीन स्वस्त गोष्टी केल्या. रुळांखालचे आडवे स्लीपर एकाआड एक पिवळे रंगवले, म्हणजे गाडी ते पट्टे किती झपाट्यानं गिळतेय ते दिसतं आणि वेगाचा अंदाज येतो. एका लांब भोंग्याऐवजी दोन आखूड भोंगे द्यायला सांगितले, कारण मधल्या शांततेनं कान टवकारतो. आणि धोक्याच्या पाटीवर गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा घाबरलेला चेहरा लावला. तिथले मृत्यू कमी झाले. माणसं तीच, घाईही तीच होती.

प्रश्न : पूल शंभर पावलांवर आहे, तरी लोक रुळांवरून जातात. स्वतःच्या चुकीनं मेलेल्या माणसाची बातमी ‘जीवनवाहिनी ठरली मृत्युवाहिनी’ अशी रडत का लिहायची?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ‘मृत्युवाहिनी’ आम्हालाही नको आहे. ‘लोकलनं बळी घेतला’ही नको. गाडी बळी घेत नाही. ती रुळावरून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वेगानं जाते. रूळ ओलांडणं गुन्हा आहे. कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रौढ, धडधाकट माणूस कानात हेडफोन घालून, पूल समोर असताना रुळात उतरला तर बातमीत तसंच लिहावं. पश्चिम रेल्वेनं २०१९ मध्ये यमराजाच्या वेशातला माणूस रुळांवर उभा करून लोकांना उचलून बाजूला नेलं, त्याचे फोटो सगळ्यांनी छापले. हसू आलं, हरकत नाही.

पण ‘शंभर पावलं’ हा आकडा मोजून लिहावा. तारा आणि वरची मोकळी जागा धरून पादचारी पूल रुळांपासून सहा-साडेसहा मीटर वर असतो. फलाटावरून चढायचं म्हणजे चाळीसच्या आसपास पायऱ्या, पलीकडे तेवढ्याच उतरायच्या. पूल फलाटाच्या एका टोकाला आणि वस्ती दुसऱ्या टोकाला असेल तर पंधरा डब्यांच्या फलाटाची लांबी जाऊन-येऊन. डोक्यावर पाटी, कडेवर मूल किंवा गुडघ्यात दुखणं असेल तर हा फेरा पाच-सात मिनिटांचा होतो. रुळांतून वीस सेकंद. वीस सेकंदांसाठी जीव टांगणं चूकच. पण रोज एकाच ठिकाणी हजारो माणसं तीच चूक करत असतील, तर ती चूक कुणीतरी नकाशावर आखून ठेवलेली असते. पूर्वेला झोपडपट्टी, पश्चिमेला पाण्याचा नळ; इकडे शाळा, तिकडे घर. रेल्वे भिंत बांधते, महिन्याभरात तिला भगदाड पडतं. ते भगदाड कुठे पडलंय, एवढं बघितलं तरी पूल कुठे हवा होता ते कळतं. मुंबईच्या वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात रूळ ओलांडण्याला आळा घालण्याचं काम वेगळं दाखवलेलं आहे. रेल्वेलाच ते निव्वळ लोकांच्या बेशिस्तीचं प्रकरण वाटत नव्हतं, असा त्याचा अर्थ.

अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या रेल्वे सुरक्षेवरच्या समितीनं २०१२ च्या अहवालात अंदाज दिला होता की, देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसं रुळांवर मरतात आणि त्यांतली ६,००० एकट्या मुंबई उपनगरात. अहवालानं त्यासाठी ‘हत्याकांड’ या अर्थाचा शब्द वापरला. काकोडकर काही भावनेच्या भरात लिहिणारे गृहस्थ नव्हेत.

उलट टोकाचं उदाहरण अमृतसरचं. १९ ऑक्टोबर २०१८, दसरा. जोडा फाटकाजवळ रावणदहन बघायला लोक रुळांवर उभे होते, डीएमयू (डिझेलवर चालणारी प्रवासी) गाडी आली, साठच्या आसपास माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत रुळांवर उभ्या असलेल्यांच्या निष्काळजीपणावर बोट ठेवलं गेलं. ते खोटं नव्हे. पण रुळाला लागून असलेल्या मैदानात कार्यक्रम कोणी ठेवला आणि मैदान भरल्यावर गर्दी कुठे जाणार होती, हे प्रश्न त्या एका वाक्यात मावत नाहीत. रुळावर उभं राहिलेला जबाबदार आहे, त्याला तिथे उभं राहायला लावणारी व्यवस्थाही जबाबदार आहे. बातमीनं दोन्ही सांगितल्या तर वाचक आपलं आपण ठरवेल. संपादकांनी रडण्याची किंवा ओरडण्याची गरज नाही.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. रेल्वे अपघाताच्या पहिल्या तासात काय लिहावं आणि काय थांबवावं?
— जळगाव

उत्तर : तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे स्थानकांच्या दरम्यान, लखनौहून मुंबईला येणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची ओरड झाली. साखळी ओढली गेली, लोक शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ जण दगावले. पहिल्या तासात ‘पुष्पकला आग’ अशा पट्ट्या चालल्या. आग नव्हती. ब्रेक चाकाला चिकटून राहिला तर धूर, ठिणग्या आणि जळका वास येतो, आणि आतल्याला ती आगच वाटते. म्हणून ‘आग लागली’ आणि ‘आग लागल्याची ओरड झाली’ यांतला फरक पहिल्या ओळीपासून सांभाळायचा. ओरड कोणी केली, हे तर त्या दिवशी लिहूच नये. चहावाला, मजूर, अमुक गावचा प्रवासी असं कुणाचं तरी नाव पुढे येतं, आणि चूक निघाली तरी ते कायमचं चिकटतं.

याच बातमीत वाचकाच्या उपयोगाची एक ओळ जवळजवळ कुणी छापली नाही. आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाडी डावीकडच्या रुळानं जाते. म्हणजे गाडीच्या दिशेनं तोंड केलं तर दुसरा रूळ उजवीकडे. उतरावंच लागलं तर डाव्या दारानं उतरा. (तीन-चार रूळ असतील तिथे हा नियम पुरेसा नाही. तिथे डब्यातच थांबून आधी दोन्हीकडे बघायचं.)

दुसरं उदाहरण मुंब्र्याचं. ९ जून २०२५ च्या सकाळी पहिल्या बातम्या होत्या की पुष्पक एक्सप्रेसमधून प्रवासी पडले. थोड्या वेळानं कळलं, पुष्पकचा संबंध नव्हता. वळणावर सीएसएमटीकडे येणारी आणि उलट दिशेनं जाणारी अशा दोन लोकल एकमेकींना भेटल्या आणि दोन्हींच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांवर घासून खाली पडले. तेरा जण पडले. चार त्याच दिवशी गेले, नंतर एक. ‘एक्सप्रेसमधून पडले’ म्हटलं की विनाआरक्षण घुसलेले बेशिस्त लोक डोळ्यांपुढे येतात. ‘लोकलच्या दारांतून’ म्हटलं की ऑफिसला निघालेले आपण. गाडीचं नाव बदललं आणि दोष द्यायची जागाही बदलली. पुढे दोष आधी दारातल्या प्रवाशाच्या पाठीवरच्या सॅकला मिळाला, मग वळणाला, मग रुळांच्या देखभालीला, आणि अखेर लोहमार्ग पोलिसांनी रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. तो खरा-खोटा कोर्ट ठरवेल. पण पहिल्याच संध्याकाळी ‘लटकणाऱ्यांचीच चूक’ असा अग्रलेख लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली.

पहिल्या तासात विचारायचं ते हे : दोन कुठल्या स्थानकांमधे, कुठल्या मार्गावर (अप की डाउन, स्लो की फास्ट), कितव्या खांबाजवळ, गाडी सरळ जात होती की वळणावर, मोटरमननं काय कळवलं. मृताचं नाव घरच्यांना कळल्याची खात्री झाल्यावरच. ‘हेडफोन घातले होते’ हे पंचनाम्यात असेल तर लिहा, बघ्यानं सांगितलं म्हणून नको.

प्रश्न : करमाडजवळ २०२० मध्ये मजूर रुळांवर झोपले होते. इतकी वर्षं झाली तरी वाद होतो की, रुळावर कोणी झोपतं का? त्याबद्दल आज काय म्हणाल?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ८ मे २०२०, पहाटे सव्वापाचच्या सुमारास, बदनापूर ते करमाड दरम्यान मालगाडीखाली १६ मजूर गेले. मध्य प्रदेशातले, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला. भुसावळहून गावी जाणारी श्रमिक रेल्वे मिळेल म्हणून रात्रभर रुळांच्या कडेनं चालत होते. मालगाडीच्या चालकाला ते दिसले, त्यानं भोंगा आणि ब्रेक दोन्ही वापरले. आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयातही प्रश्न विचारला गेला : रुळांवरच झोपले तर कोण कसं थांबवणार?

त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच्या बातम्यांत विखरून होतं, एका जागी आलं नाही. टाळेबंदीत प्रवासी गाड्या बंद होत्या आणि तेवढंच लोकांना माहीत होतं. मालगाड्या चालूच होत्या, हे कुठल्या ठळक मथळ्यात होतं? रस्त्यांवर नाकाबंदी होती, म्हणून रूळ. रूळ चुकत नाहीत, थेट पुढच्या गावात नेतात. आणि रात्रभर तीसेक किलोमीटर खडीतून चाललेल्या माणसाला स्लीपर ही आजूबाजूच्या काट्याकुट्यांपेक्षा सपाट आणि उंच जागा वाटते. एवढं सांगितलं तरी झोपणं ही चूकच राहते. मात्र ती चूक ‘वेडेपणा’ राहत नाही.

दुसऱ्या दिवशी बहुतेकांनी रुळांत पसरलेल्या चपात्यांचा फोटो छापला. तो छापायला हवा होता की नको, यावर आमच्यातही एकमत नाही. त्यात मृतदेह नव्हते, आणि जे सांगायचं ते त्यानं सांगितलं. पण त्याच फोटोमुळे ‘मालगाड्या चालू आहेत, रुळांवरून चालू नका’ ही चौकट पानावरून गेली. त्या आठवड्यात राज्यभर आणखी किती माणसं रुळांच्या कडेनं चालत होती! त्यांना ती चौकट हवी होती.

प्रश्न : एका पेपरात आकडा वेगळा, दुसऱ्यात वेगळा. खरा कुठला?
— विरार

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. रेल्वे ‘अपघात’ म्हणते ते घसरणं, टक्कर, आग यांना, आणि तो आकडा वर्षाला काही डझनांत असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग २०२१ साठी १७,९९३ ‘रेल्वे अपघात’ आणि १६,४३१ मृत्यू दाखवतो, कारण त्यात पडणं आणि धडक दोन्ही येतात. तेही एकाच रकान्यात : ‘गाडीतून पडणे किंवा रुळांवरील व्यक्तीला धडक’. म्हणजे डोंबिवलीच्या वाचकाला जो फरक हवा आहे तो देशाच्या आकडेवारीतच पुसला जातो, आणि मग ‘एवढे लोक बेशिस्तीनं मेले’ असा मथळा करायला मोकळीक. मुंबईपुरता आकडा लोहमार्ग पोलिसांकडून घ्यावा. ते पडणं आणि ओलांडणं वेगळं मोजतात. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या जनहित याचिकेत २०२३ चे २,५९० मृत्यू सांगितले होते. दिवसाला सात.

प्रश्न : रुळांवर काम करणारे कामगार मरतात तेव्हाही ‘रुळांवर असलेल्यांना लोकलनं उडवलं’ असंच येतं. ते घुसखोर आहेत का?
— नाशिक

उत्तर : नाहीत. २०२३ च्या फेब्रुवारीत लासलगावजवळ चार ट्रॅकमन टॉवर वॅगनखाली (वरच्या तारांच्या देखभालीचं रुळांवरून चालणारं वाहन) गेले, २०२४ च्या जानेवारीत वसई रोड आणि नायगावच्या मधे रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखाली. अशा बातमीत विचारायचं ते असं : त्या वेळी वाहतूक थांबवून कामाला वेळ दिला होता का, गाडी येतेय हे सांगायला पहारेकरी ठेवला होता का आणि ती नेहमीच्या दिशेनं येत होती का. वैयक्तिक काळजीची भाषा इथे चालत नाही. इथे कामाची पद्धत तपासायची.

प्रश्न : रुळांवरचा एक व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. बहुधा आत्महत्या आहे. लोकांना धडा मिळावा म्हणून पुढे पाठवावा का?
— कळवा

उत्तर : नाही. पुसून टाका आणि ग्रुपवरही तसं सांगा. भारतीय वृत्तपत्र परिषदेनं २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना घेतल्या : पद्धत सांगू नये, जागेचा तपशील देऊ नये, फोटो-व्हिडिओ देऊ नयेत, मथळा भडक नको, बातमी परत परत नको. कारण आधीच काठावर असलेल्या माणसावर अशा तपशिलाचा परिणाम होतो. हे पत्रकारांसाठी असलं तरी ग्रुपवर आपणही प्रकाशकच. आणि ‘बहुधा आत्महत्या’ हा शब्दही जपून. भरपाई नाकारण्याच्या कारणांत तो पहिला आहे. ओळखीतलं कुणी अशा विचारात असेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : गाडीतून जाताना रुळाशेजारी जखमी माणूस दिसला किंवा डब्यातून कुणी पडलं तर नेमकं काय करायचं?
— वसई

उत्तर : आपल्याच डब्यातून कुणी पडलं तर साखळी ओढायला ते पुरेसं कारण आहे. पण गाडी थांबली म्हणून खाली उतरू नका, शेजारचा रूळ चालू असतो. माणूस फक्त बाहेर दिसला असेल तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकाला किंवा लोहमार्ग पोलिसांच्या १५१२ ला लगेच फोन करा, आणि पुढच्या स्थानकात स्टेशन मास्तरला किंवा ट्रेन मॅनेजरला तोंडी सांगा. दोन्ही करा, एकावर विसंबू नका. वेळ सांगा, गाडी कुठली ते सांगा, माणूस हलत होता का ते सांगा.

सर्वांत उपयोगी म्हणजे खांबाचा क्रमांक. तारा ज्या खांबांवर आहेत त्यांच्यावर अपूर्णांकासारखा आकडा रंगवलेला असतो, उदाहरणार्थ ३८/१२. वरचा आकडा सीएसएमटी किंवा चर्चगेटपासूनचा किलोमीटर, खालचा त्या किलोमीटरमधला खांब. दोन खांबांत पन्नास-सत्तर मीटर अंतर असतं. ‘कळव्याच्या पुढे कुठेतरी’ एवढंच सांगितलं तर हमाल स्ट्रेचर घेऊन किलोमीटरभर शोधत फिरतात. ‘३८/१२, डाउन स्लोच्या बाहेरच्या बाजूला’ म्हटलं की थेट पोचतात.